फकिरांचे कोठार

देहू सोडल्यावर तुकोबारायांच्या पालखीचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो. तिथे अभंग होतो, आरती होते आणि पालखी आकुर्डीच्या वाटेला लागते. दिंडीतल्या जुन्या माणसांना यात काही नवल वाटत नाही. नवी पोरं मात्र विचारतात, "आपली पालखी दर्ग्यापाशी कशी काय थांबते?" मग कुणीतरी विणेकरी किंवा चोपदार चालता चालता कटोऱ्याची गोष्ट सांगतो. अनगडशहा हे सिद्ध फकीर. त्यांच्या हातातला कटोरा कुणाच्याही दारी भरत नसे. मोठमोठ्या घरांत पायल्या रिकाम्या झाल्या तरी त्याचा तळ दिसायचाच. देहूला तुकोबांच्या दारी आले, तेव्हा घरातल्या लेकीने चिमूटभर पीठ घातले आणि कटोरा काठोकाठ भरून सांडला. फकिराने ओळखले की हे घर वेगळे आहे.

ही गोष्ट आपण तुकोबांच्या बाजूने ऐकतो आणि ते बरोबरच आहे. पण कधीतरी ती कटोऱ्याच्या बाजूनेही ऐकावी. तो कटोरा घेऊन फिरणारा माणूस कोणत्या परंपरेतून आला? घरदार सोडून, गाठीला काही न बांधता हिंडण्याची शिकवण त्याला कुणी दिली? 'फकीर' हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे की तो अरबी आहे हे लक्षातही येत नाही. 'फक्र' म्हणजे दारिद्र्य. पण हे परिस्थितीने लादलेले दारिद्र्य नव्हे, आपणहून पत्करलेले. याच्याच जोडीचा दुसरा शब्द 'जुह्द'. त्याचा अर्थ एखाद्या वस्तूची ओढ कमी होणे, मन तिच्यावरून निघणे. आपण वैराग्य म्हणतो त्याच्या फार जवळचा.

शताब्दीच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कुणी विचारील. कारण सांगतो. यंदा दिंडीच्या सभांमध्ये दोन तट पडलेले आपण सगळ्यांनी पाहिले. एक म्हणतो, शंभर वर्षे झाली, आता पंढरपुरात दिंडीची स्वतःची जागा हवी, कायम ठेव हवी, म्हणजे पुढच्या पिढीला दारोदार वर्गणी मागावी लागणार नाही. दुसरा म्हणतो, आषाढी झाली की शिल्लक शिधा वाटून टाकायचा आणि भिशीचा हिशेब कोरा करायचा ही आपली रीत. ठेव आली की भांडण आले. दोन्हीकडे भली माणसे आहेत. हाच वाद साडेसातशे वर्षांपूर्वी मुसलमान साधुपुरुषांमध्ये झाला होता, आणि त्याचा एक धागा आपल्या मराठवाड्यात, खुलताबादेपर्यंत येऊन पोचतो. तो सांगावा म्हणून हा लेख.

सुरुवात मक्केपासून करावी लागते. मक्का हे व्यापाऱ्यांचे गाव. तिथून उंटांचे तांडे सीरियाला आणि येमेनला जात. पैसा होता, सावकारी होती, आणि अनाथांच्या वाट्याचे खाऊन बसलेली माणसेही होती. महंमद पैगंबर स्वतः पोरके वाढलेले. त्यामुळे कुराणातली सुरुवातीच्या काळातली वचने वाचताना पुष्कळदा वाटते की ती बाजारपेठेत उभे राहून म्हटलेली आहेत. संपत्ती गोळा करून ती पुन:पुन्हा मोजणाऱ्या माणसावर एक अख्खे प्रकरण आहे, छोटेसेच. दुसऱ्या एका प्रकरणात म्हटले आहे की अधिकाच्या हावेने तुम्हांला इतके गुंतवले की तुम्ही थेट कबरीपाशीच जाऊन पोचलात. आणखी एके ठिकाणी संसाराला पावसाने तरारलेल्या पिकाची उपमा दिली आहे. शेतकरी ते पाहून हरखतो, मग ते पिवळे पडते आणि शेवटी भुस्सा होतो. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही उपमा कुणी समजावून सांगायला नको.

पण इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. इस्लामने संन्यास सांगितला नाही. ख्रिस्ती मठवासीयांचे ब्रह्मचर्य आणि अरण्यवास ही माणसांनी स्वतः काढलेली रीत आहे, देवाने घालून दिलेली नव्हे, असे कुराणातच म्हटले आहे. लग्न करा, कष्ट करा, व्यापार करा. मात्र शिलकीतला चाळिसावा भाग दरवर्षी गरिबांचा म्हणून काढा. यालाच जकात म्हणतात. हा हिस्सा उपकार म्हणून द्यायचा नाही, तो त्यांचा हक्कच. म्हणजे वारकऱ्यासारखेच झाले बघा. प्रपंच सोडायचा नाही, पण त्यात बुडायचेही नाही. पैगंबरांनी एका तरुण अनुयायाला सांगितले होते की जगात परक्या माणसासारखा किंवा वाटसरूसारखा राहा. स्वतःविषयी ते म्हणत, मी झाडाच्या सावलीत घटकाभर टेकलेला स्वार आहे, उठेन आणि चालू लागेन. त्यांच्या अखेरच्या दिवसांत त्यांचे चिलखत एका यहुदी माणसाकडे जवाच्या बदल्यात गहाण होते. अरबस्तानचा बहुतेक भाग तेव्हा त्यांचा शब्द मानत होता.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत चित्र पालटले. इराणची राजधानी पडली, इजिप्त आणि सीरिया हाती आले, आणि मदिनेत सोने-चांदी येऊन पडू लागली. कालपर्यंत खजूर-पाण्यावर राहिलेल्या माणसांनी वाडे बांधायला घेतले. तेव्हा अबू जर गिफारी नावाचे पैगंबरांचे एक जुने सोबती सीरियाच्या सुभेदाराला भर लोकांत जाब विचारू लागले. साठवलेले सोने-चांदी हेच साठवणाऱ्यांना डाग देईल, हे कुराणातले वचन ते सगळ्यांना ऐकवत. सुभेदार मुआविया वैतागला. शेवटी त्यांना मदिनेला बोलावून घेतले, आणि तिथेही पटेना तेव्हा ते वाळवंटातल्या रबजा या ठिकाणी जाऊन राहिले. तिथेच ६५२ च्या सुमारास वारले. कफनाला पुरेल एवढे कापडही घरात नव्हते असे सांगतात. बाहेरचा शत्रू नसताना, आपल्याच लोकांच्या श्रीमंतीविरुद्ध उभा राहिलेला इस्लाममधला हा पहिला मोठा आवाज. तो एकट्याचा होता, म्हणून मला जास्त मोलाचा वाटतो.

इराकमधल्या बसरा शहरात पुढे हा आवाज एकट्याचा राहिला नाही. हसन बसरी (६४२–७२८) तिथे प्रवचने करत. खलिफा उमर बिन अब्दुल अजीजला त्यांनी लिहिले म्हणून जे पत्र सांगतात, त्यात संसाराला सापाची उपमा आहे. हाताला मऊ लागतो, विष मात्र जीव घेते. त्याच बसऱ्यात राबिया होऊन गेली. ८०१ साली वारली. आधी दासी, मग मुक्त झालेली. एका हातात पेटते लाकूड आणि दुसऱ्या हातात पाण्याचे भांडे घेऊन ती धावत निघाल्याची कथा आहे. स्वर्गाला आग लावायची आणि नरक विझवायचा, म्हणजे लोक लोभाने वा भीतीने नव्हे तर प्रेमाने देवाला भजतील. जनाबाई-मुक्ताबाईंच्या ओव्या ऐकत वाढलेल्या आपल्या माउल्यांना राबिया परकी वाटणार नाही. बल्खचा राजपुत्र इब्राहिम बिन अदहम याने राज्य सोडले आणि सीरियात लोकांच्या शेतावर कापणीची मजुरी केली. भिक्षा नाही, मजुरी. त्याच्या कथेत छपरावर उंट शोधणारा एक माणूस येतो. राजपुत्र म्हणतो, छपरावर कुठे उंट सापडतो का? तो म्हणतो, मग गादीवर बसून देव कुठे सापडतो?

या सगळ्याला शास्त्राचे रूप दिले ते इमाम गजालींनी. बगदादच्या मोठ्या विद्यापीठात ते मुख्य आचार्य होते. १०९५ साली, पस्तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्यांनी ती जागा सोडली. बायकापोरांची तजवीज केली आणि बाकीचे देऊन टाकून बाहेर पडले. त्यांच्या मोठ्या ग्रंथात दारिद्र्य आणि वैराग्य यांवर एक स्वतंत्र भाग आहे. त्यात ते पायऱ्या सांगतात. पैसा आला तर नको वाटणारा माणूस चांगलाच. पण पैसा आला काय नि गेला काय, ज्याला सारखेच, तो त्याच्याही वरचा. यासाठी ते पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांचा दाखला देतात. त्यांच्याकडे एकदा एक लाख दिरहम आले. त्यांनी ते त्याच दिवशी वाटून टाकले. त्या दिवशी त्यांचा उपवास होता. संध्याकाळी दासी म्हणाली, "बाईसाहेब, एक दिरहम ठेवला असता तर उपवास सोडायला थोडं मटण आणलं असतं." त्या म्हणाल्या, "आधी आठवण केली असतीस तर ठेवला असता." मला यातला त्यागाचा आकडा मोठा वाटत नाही. वाटताना त्यांना स्वतःची आठवणच झाली नाही, हे मोठे वाटते.

आता हिंदुस्थानात येऊ. इथे ही शिकवण मुख्यतः चिश्ती पंथाच्या सूफींनी आणली. अजमेरचे ख्वाजा मोइनुद्दीन, दिल्लीचे कुतुबुद्दीन, आणि आज पाकिस्तानात असलेल्या अजोधनचे बाबा फरीद. यांच्यातले बाबा फरीद म्हणजे ज्यांची वचने शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात आहेत तेच. त्यांच्या मठाला खानकाह म्हणत. त्या खानकाहमध्ये पुष्कळदा रानातली करवंदासारखी आंबटतुरट फळे उकडून खाल्ली जात, आणि झोळी गावात फिरे. एके दिवशी मीठ नव्हते. निजामुद्दीन नावाच्या तरुण शिष्याने वाण्याकडून उधार मीठ आणून भाजीत टाकले. बाबा फरीदांनी घास उचलला आणि खाली ठेवला. म्हणाले, हात जड झाला, यात काहीतरी आहे. खरे कळल्यावर त्यांचे म्हणणे पडले की जिभेच्या चोचल्यासाठी कर्ज काढण्यापेक्षा दरवेशाने उपाशी मेलेले बरे. ती भाजी कुणी खाल्ली नाही. चिमूटभर मिठाचे केवढे हे प्रकरण, असे वाटेल. पण ज्याच्या घरी सावकाराचे व्याज शिरले आहे त्याला ते तसे वाटणार नाही.

हा तरुण शिष्य म्हणजेच पुढचे हजरत निजामुद्दीन औलिया. बदायूं गावी वडील लहानपणीच गेले. आई बीबी जुलेखा. घरात धान्य नसले की आई म्हणे, "आज आपण देवाचे पाहुणे आहोत." हे वाक्य मुलाला इतके आवडायचे की लागोपाठ काही दिवस घरात पोटभर असले की तो वाट बघत बसे, की आई पुन्हा ते कधी म्हणेल. दुष्काळात वाढलेल्या आपल्या पिढीने आयांच्या तोंडून अशी वाक्ये ऐकली आहेत. शब्द वेगळे असतील, सूर तोच.

दिल्लीजवळ यमुनाकाठी गियासपूर म्हणून खेडे होते. तिथे निजामुद्दीनांची खानकाह पन्नासेक वर्षे चालली. तिचा कारभार समजून घेण्यासारखा आहे. जमीन नाही, इनाम नाही, पगार नाही. सुलतान जलालुद्दीन खिलजीने गावे देऊ केली, ती घेतली नाहीत. लोक न मागता आणून देतील तेवढेच घ्यायचे. अशा दानाला 'फुतूह' म्हणत. मागायचे नाही, कुणाकडून आशा धरायची नाही, आणि आले ते लवकरात लवकर संपवायचे. दिवसभर लंगर चाले. शुक्रवारच्या नमाजाला जायच्या आधी कोठारे उघडून रिकामी करायची आणि चक्क झाडू मारायचा. शनिवारी पुन्हा येईल ते येईल. ज्यांनी पालखी मार्गावर हजार माणसांच्या पंगती उठवल्या आहेत त्यांनाच कळेल की उद्याचा शिधा हातात नसताना आज कोठार झाडून काढायला काय छाती लागते. आमच्या शिधाप्रमुखाला तर झोपच लागणार नाही!

स्वतः निजामुद्दीन बहुतेक रोज उपवास धरत. पहाटे ताट पुढे आले की घास घशाखाली उतरत नसे. म्हणत, मशिदींच्या कोपऱ्यात आणि दुकानांच्या फळ्यांवर किती माणसे उपाशी झोपली असतील, मला कसे गिळवेल? मात्र त्यांनी वैराग्याचे सोंग कधी मांडले नाही. त्यांचे शिष्य कवी अमीर हसन सिज्जी यांनी १३०८ ते १३२२ या काळातली त्यांची बोलणी लिहून ठेवली. 'फवायद-उल-फुआद' हा तो ग्रंथ. त्यात एके ठिकाणी गुरू सांगतात की अंगावरचे कपडे काढून लंगोटी लावून बसणे म्हणजे संसारत्याग नव्हे. खावे, ल्यावे, पण येईल ते साठवू नये आणि त्यात जीव अडकवू नये. वैराग्य कपड्यात नाही, कोठारात दिसते, एवढाच याचा अर्थ.

या रीतीची एकदा कसोटी लागली. १३२० साली खुस्रो खान नावाच्या सरदाराने दिल्लीचे तख्त बळकावले आणि लोकमत आपल्याकडे वळवायला साधुसंतांना खजिन्यातून रकमा वाटल्या. निजामुद्दीनांना पाच लाख टंके मिळाले असे सांगतात. थोड्याच काळात तो पडला. नवा सुलतान गियासुद्दीन तुघलक रिकामा खजिना घेऊन बसला आणि त्याने सगळ्यांकडून पैसे परत मागितले. बऱ्याच जणांनी जपून ठेवलेले होते, त्यांनी परत केले. निजामुद्दीनांकडे काहीच नव्हते. लोकांचा पैसा होता, लोकांत गेला, असे त्यांचे उत्तर. सुलतानाला ते रुचले नाही. गंमत बघा, ज्यांनी साठवले ते राजाच्या दृष्टीने सज्जन ठरले.

१३२५ साली अखेरचा दिवस जवळ आला, तेव्हा त्यांनी हुकूम दिला की घरात एक दाणा ठेवू नका. इक्बाल नावाचा सेवक कोठार बघायचा. त्याने सगळे वाटले, पण खानकाहमधल्या दरवेशांना चार दिवस पुरेल एवढे धान्य मागे ठेवले. त्याचे काय चुकले? त्याला पोरांच्या पोटाची काळजी होती. पण गुरूंना कळले तेव्हा ते रागावले. ही मेलेली माती कशाला ठेवलीस, म्हणाले. लोकांना बोलावले, कोठारे फोडायला सांगितली आणि जागा झाडून घेतली. हा प्रसंग वाचताना माझे मन दर वेळी इक्बालकडे जाते. गुरू गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी चूल त्यालाच पेटवायची होती.

चिश्ती रीत सगळ्यांना मान्य होती असे मात्र नाही. मुलतानचे शेख बहाउद्दीन जकरिया (मृत्यू १२६२) हे सुहरावर्दी पंथाचे. त्यांच्याकडे धान्याची कोठारे भरलेली असत, तिजोरीत नाणे असे. मुलतानात टंचाई पडली तेव्हा तिथल्या सुभेदाराने त्यांच्याकडूनच धान्य घेतले. त्यांच्यावर टीका करणारे होते राजस्थानातल्या नागौरचे हमीदुद्दीन (मृत्यू १२७४). दोघांत पत्रे झाली. हमीदुद्दीन विचारत, संपत्ती ही सापासारखी, मग ती जवळ कशाला? मुलतानकरांचे म्हणणे, ज्याला सापाचा मंत्र येतो त्याला साप काय करणार?

हे हमीदुद्दीन आपल्याला मुद्दाम ओळख करून घ्यावेत असे. शेतकरी माणूस. जवळच्या सुवाल गावी एक बिघा जमीन. अर्धा बिघा एका वेळी कसायचा, उरलेला पुढच्या वेळी. कुडाचे घर, घरी एक गाय, अंगावर दोन वस्त्रे, आणि मांसाहार वर्ज्य. नागौरच्या अंमलदाराने जमीन आणि रोख देऊ केली. त्यांनी नाही म्हटले. मग सुलतानाकडूनच गाव आणि पैसे आले. ते घरात जाऊन बायकोला म्हणाले, काय करायचं? तिच्या डोक्यावर धड पदर नव्हता. ती म्हणाली, "एवढ्या वर्षांची फकिरी अशी बुडवता होय? मी दोन शेर सूत कातलंय. त्यात तुमचं धोतर आणि माझी ओढणी होईल." पैसे परत गेले. इतिहासात नाव हमीदुद्दीनांचे राहिले, पण निकाल या बाईने दिला.

माझा ओढा नागौरकडे आहे हे लपवत नाही. तरीही टंचाईत मुलतानच्या कोठाराचेच धान्य कामी आले, ही गोष्ट आपल्या सभेत ठेव हवी म्हणणाऱ्यांनी जरूर सांगावी. ती त्यांच्या बाजूची आहे आणि खरी आहे.

आता आपल्या मुलखात येऊ. १३२७ साली महंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद करून राजधानी इकडे आणली. दिल्लीहून जी माणसे आली त्यांत निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब होते, आणि गुरूंची बोलणी टिपणारे कवी हसन सिज्जीही होते. दोघेही इथल्याच मातीत आहेत. बुऱ्हानुद्दीनांचे नाव पुढे फारुकी राजांनी तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला दिले, पण ते स्वतःला 'गरीब' म्हणवत. या शब्दाचा मूळ अरबी अर्थ परका, परदेशी. पैगंबरांनी सांगितलेला तो जगातला परका माणूस.

बुऱ्हानुद्दीनांची एक जुनी आठवण आहे. ते दिल्लीत असताना वय झालेले, गुडघे दुखायचे, म्हणून घोंगडीची दुहेरी घडी घालून तिच्यावर बसत. कुणीतरी जाऊन निजामुद्दीनांच्या कानाला लागले की हे आता गादीवर बसून शेखपण मिरवू लागले. गुरूंनी बोलणे टाकले. बुऱ्हानुद्दीन घरी बसून रडत राहिले. शेवटी कवी अमीर खुस्रो गळ्यात पागोटे अडकवून गुरूंपुढे गेले, रदबदली केली, तेव्हा माफी मिळाली. घोंगडीच्या एका घडीवरून ही शिक्षा! मला ती कठोर वाटते, आणि चहाडी करणाऱ्याला काही झाले नाही याचा रागही येतो. पण अशा तालमीतून आलेला माणूस दौलताबादला आला, तेव्हा सुलतानाने पाठवलेल्या रकमेत त्याने घरातली होती ती शिल्लक मिसळली आणि सगळे एकदमच वाटून टाकले, याचे आश्चर्य वाटत नाही.

१३३७ साली बुऱ्हानुद्दीन गेले. त्यांच्या जागी झैनुद्दीन शिराझी बसले. ते १३६९ मध्ये वारले, आणि त्यांनी आपल्यामागे वारस नेमला नाही. गुरूची गादी तिथे संपली. राहिल्या कबरी, आणि त्या कबरींची झाडलोट, दिवाबत्ती, येणाऱ्यांचे अन्नपाणी बघणारे सेवक. म्हणजे इक्बालच्या जातीची माणसे. त्यांनी जगायचे कसे?

याचे उत्तर खुलताबादेत एका दंतकथेत सांगतात. बुऱ्हानुद्दीनांच्या पश्चात दर्ग्याच्या सेवकांना खायला काही उरले नाही. त्यांनी कबरीपाशी करुणा भाकली. तेव्हा रात्रीतून दर्ग्याच्या फरशीतून चांदीची छोटी झाडे उगवू लागली. सकाळी ती तोडायची, विकायची आणि चूल पेटवायची. रात्री पुन्हा नवी. असे काही वर्षे चालले. मग दर्ग्याला जहागीर मिळाली, आणि चांदीची झाडे यायची थांबली. त्यानंतर नुसते बारीक कोंब तेवढे दिसत राहिले. फरशीवरचे ते चांदीचे ठिपके यात्रेकरूंना दाखवण्याची रीत आहे.

ही कथा कुणी रचली ठाऊक नाही, पण ज्याने रचली तो साधा माणूस नव्हता. जहागीर वाईट, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. सेवकांना नावे ठेवलेली नाहीत. जहागीर आली आणि झाडे थांबली, एवढेच. आणि तीही पुरती नाहीशी झाली नाहीत. दर्ग्याचा पुढचा इतिहास जमिनीच्या सनदांचा, वहिवाटीचा आणि हक्कांचा आहे. तो मोगलाईत चालला, निजामशाहीत चालला. तो इथे सांगण्याचे कारण नाही. देवस्थानाच्या इनामाचे पुढे काय होते हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही?

याच आवारात, झैनुद्दीनांच्या कबरीशेजारी, औरंगजेबाची कबर आहे. तो १७०७ साली नगरला मेला आणि त्याला इथे आणून पुरले. मूळची कबर उघडी, मातीची. भोवतालची संगमरवरी जाळी फार नंतरची. त्याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात टोप्या शिवून मिळवलेल्या चार रुपये दोन आण्यांतून आपले कफन करा, असे आहे. यावरून कुणी त्याला फकिरी वृत्तीचा म्हणतात. मला ते पटत नाही. टोप्यांच्या चार रुपयांचा हिशेब ठेवायचा आणि पंचवीस वर्षे दक्षिण बेचिराख करणाऱ्या लढाईचा ठेवायचा नाही, याला जुह्द म्हणत नाहीत. संभाजी महाराजांचे हाल करून ज्याने जीव घेतला, त्याने मुलूख मिळवण्याची हाव मरेपर्यंत सोडली नव्हती. हसन बसरींनी राजांना जे लिहिले ते अशाच राजांसाठी होते. मात्र या एका कबरीपायी शेजारी झोपलेल्या फकिरांना आपण विसरतो, हे त्यांच्यावर अन्यायाचे होते.

खुलताबादपासून चार-पाच किलोमीटरवर वेरूळ, भोसल्यांचे गाव. दुसऱ्या बाजूला दौलताबाद. तिथे किल्ल्यावर जनार्दनस्वामी, ज्यांच्यापाशी नाथमहाराज शिकले. तिथेच चांद बोधले यांची समाधी आहे. परंपरेने त्यांना जनार्दनस्वामींचे गुरू मानले आहे, आणि शेख महंमदांचेही. म्हणजे एकाच गुरूच्या घरून एक वाट पैठणला गेली आणि दुसरी श्रीगोंद्याला.

शेख महंमदांना वारकरी कबीराचा अवतार मानतात. 'योगसंग्राम' हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १५६७ मध्ये, म्हणजे १६४५ साली पुरा झाला. त्यात पोटासाठी वेष घेतलेले फकीर, मलंग, गोसावी, गुरू कुणालाही त्यांनी सोडलेले नाही. बाहेरून भगवे किंवा हिरवे, आत हाव तीच, असा त्यांचा रोख आहे. जुह्द हा अरबी शब्द मराठीत आला नाही, पण त्यातली शिकवण अशी आपल्याच ओवीत आली.

आणि शेख महंमदांनी जमीन घेतली. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे त्यांचे भक्त. त्यांनी शेख महंमदांना श्रीगोंद्यात आणून मठ बांधून दिला आणि जमीन इनाम दिली. तुकोबांकडे शिवरायांचा नजराणा आला तो त्यांनी परत पाठवला, घरच्या कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, हे आपण कीर्तनात ऐकतो. एका घराण्याने आजोबाच्या हातून दिलेले एका संताने ठेवून घेतले, नातवाच्या हातून आलेले दुसऱ्या संताने परत केले. दोघांची नावे आपण एकाच दमात घेतो, आणि शेख महंमदांचा श्रीगोंद्याचा मठ आजही उभा आहे.